सत्यवानाचे भाईबंद

ज्येष्ठी पौर्णिमेला सुवासिनी वडाला सूत गुंडाळतात, प्रदक्षिणा घालतात आणि सावित्रीची कहाणी ऐकतात. नारदमुनींचे भाकीत, यमधर्माचा पाश, सावित्रीने चातुर्याने मागून घेतलेले वर हे सारे आपल्या घरांतील लहान मुलांनाही पाठ असते. परंतु सत्यवान त्या दिवशी अरण्यात काय करीत होता, असे विचारले तर पुष्कळांना क्षणभर थांबावे लागेल. सत्यवान लाकडे फोडीत होता. महाभारताच्या वनपर्वात हा प्रसंग फार बारकाईने आला आहे. राज्य हरपलेल्या अंध द्युमत्सेनाचा हा पुत्र खांद्यावर कुऱ्हाड टाकून निघतो. सावित्री सासूसासऱ्यांची अनुज्ञा घेऊन त्याच्यासोबत जाते. तो आधी फळांनी टोपली भरतो, मग लाकडे फोडू लागतो. श्रमाने त्याला घाम फुटतो, मस्तकात कळा येऊ लागतात आणि तो सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवतो. मृत्यूने त्याला गाठले ते राजपुत्राच्या सुखासनात नव्हे, लाकूडतोड्याच्या श्रमात.

कहाणीचा हा भाग माझ्या मनात ठसला तो पोथी वाचताना नव्हे. नवतपाच्या एका दुपारी आमच्या वस्तीतील मारुतीच्या देवळामागे, वडाच्या सावलीत तोंडावर ओले दुपट्टे टाकून पडलेल्या पाच माणसांमुळे तो ठसला.

त्या वडाची एक थोराड फांदी विजेच्या तारांवर आली होती. पावसाळ्यापूर्वी ती उतरवणे भाग होते. ह्या कामावरून वस्तीत दोन तट पडले. एक तट म्हणे, झाड जुने झाले आहे, एखाद्या वादळात देवळावर येईल, मुळापासूनच काढा. दुसरा तट, ज्यात आमच्या घरांतील स्त्रिया पुढे होत्या, म्हणे, पानालाही हात लावू नका. अखेर रीतसर परवानगी घेऊन तेवढी फांदीच उतरवायची ठरली. (पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला शहरांत आता कायद्याने ‘वारसा वृक्ष’ म्हणतात. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली तशी दुरुस्ती झाली. त्याच वर्षी अजनीची झाडे वाचावीत म्हणून नागपूरकर रस्त्यावर उतरले होते. आमचा वड तर शंभरीच्या पुढचा असावा.)

कामासाठी आलेल्या टोळीत एक मुकादम, तीन तरुण आणि एक म्हातारा होता. म्हाताऱ्याचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नसे. तो झाडावर चढत नसे. खाली बसून दोर सांभाळायचा आणि ‘सोड’, ‘थांब’ असे ओरडायचे, एवढेच त्याचे काम. सारे त्याला बुढाजी म्हणत.

नागपूरच्या उन्हात बारा ते चार ह्या वेळात झाडावर माणूस चढवणे म्हणजे पाप. त्यामुळे शिदोऱ्या सुटल्या, मडके फिरले आणि गोष्टींना तोंड फुटले.

सुरुवात एका तरुणाने केली. आलापल्लीच्या जंगलात त्याच्या आजाने म्हणे एक साग पाहिला होता. “त्याचं एक पान पडलं, त त्याच्यावर अख्ख्या लग्नाची पंगत उठली.” दुसऱ्याला पंगतीचे काहीच नवल वाटले नाही. त्याने फक्त विचारले, “वाढपी बंडीनं फिरत होते का मंग?” “नाही ना. देठाकडची बाजू जरा उंच होती. तिकून वरण सोडलं का खालपर्यंत आपोआप येत होतं.”

मुकादमाची गोष्ट बीजाच्या झाडाची होती. कुऱ्हाड बसताच झाडाने लाल चीक सोडला, तो नाल्याला मिळाला, नाला खालच्या गावात लाल होऊन पोहोचला आणि गावच्या पोलीस पाटलाने खून झाला म्हणून पंचनामा मांडला. “मुर्दा सापडेना, म्हणून पाटील नाल्यानं वर वर येत गेला. तिसऱ्या दिवशी आमच्यापाशी पोचला. झाडाले पाह्यलं अन् मले म्हणते, हाच का बे तो मयत?”

तिसऱ्याने ऐन पुढे केला. त्या ऐनाच्या पोटातून पाण्याचा असा लोंढा निघाला की चुलीवरचा भात, तीन दगडांची चूल आणि भात रांधणारा त्याचा भाऊ असे सारेच वाहून गेले. मी न राहवून विचारले, “मग भाऊ सापडला का?” “सापडला ना, काकाजी. भात नाही सापडला.”

अशा गोष्टीला आपण लोणकढी थाप म्हणतो; परंतु तिचेही काही शिष्टाचार आहेत, हे त्या दुपारी माझ्या ध्यानात आले. सांगणाऱ्याने हसायचे नाही. ऐकणाऱ्याने ‘खोटे’ हा शब्द उच्चारायचा नाही. फार तर एखादी शंका विचारायची, तीही गोष्ट पुढे जाईल अशी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थापेच्या तळाशी खऱ्याचा एक खडा असलाच पाहिजे. सागाचे पान हातभर लांब भरते, पावसात ते डोक्यावर धरून माणसे शेतातून घरी येतात. बीजाच्या सालीला घाव बसला की रक्तासारखा लाल चीक खरोखरच वाहतो; त्याच्याच लाकडाचे पेले करून मधुमेहाचे रुग्ण त्यात रात्रभर ठेवलेले पाणी पितात. ऐन तर खोडात पाणी साठवतोच. मार्च २०२४ मध्ये आंध्र प्रदेशातील पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी एका ऐनाच्या खोडावरील फुगवट्याला छेद दिला आणि पाण्याची धार लागली. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. आपले गोंड बांधव ह्या झाडाला साजा म्हणतात आणि त्यात बडादेवाचा वास मानतात, ते उगाच नव्हे.

केरळात परंबिकुलमच्या अरण्यात कन्निमारा नावाचा एक साग उभा आहे. त्याच्या बुंध्याचा घेर सुमारे सात मीटर आहे, म्हणजे चार-पाच माणसांनी हात पसरून एकमेकांचे हात धरावेत तेव्हा तो कवेत यावा. पूर्वी कोणी त्याला तोडू लागले तेव्हा त्यातून रक्त उसळले, म्हणून तो तोडायचा राहिला आणि लोक त्याची पूजा करू लागले, अशी तेथील आख्यायिका. आमच्या मुकादमाने केरळ पाहिलेले नाही. परंतु लाल नाल्याची त्याची गोष्ट आणि कन्निमाराची आख्यायिका ह्या सख्ख्या बहिणी वाटतात. एकीत हसू आहे, दुसरीत भय. कुऱ्हाड उचलणाऱ्याच्या मनात ही दोन्ही असतात.

लाकडाच्या अशा गोष्टी नागपुरात पिकाव्यात ह्यात आश्चर्य नाही. ज्या शहरात एका पेठेचे नावच लकडगंज, तेथे लाकूड हा केवळ व्यापार राहत नाही. मध्य प्रांताचा साग म्हणून देशभर ज्याची ख्याती झाली, तो आलापल्ली-सिरोंच्याकडून बल्लारशाच्या आगारात येई व तेथून जगात जाई. कूप पडले की शेकडो कुऱ्हाडी चालत. लठ्ठे ओढायला कमलापूरचे हत्ती असत. आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचा एक तुकडा मात्र कुऱ्हाडीपासून राखून ठेवलेला आहे. त्याला ‘वनवैभव’ म्हणतात. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पूर्वीचे अरण्य कसे असेल ह्याचा अंदाज तेथे मान मागे टाकून उभे राहिले की येतो.

आणि ह्याच सागाच्या वाट्याला अलीकडे एक भाग्य आले. अयोध्येच्या श्रीराममंदिराच्या दारांसाठी आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग निवडला गेला. २९ मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या आदल्या दिवशी, बल्लारशाहून त्या लाकडाची शोभायात्रा निघाली. रस्त्यावर लाकडावर फुले उधळली जात होती. हा विषय निघताच इतका वेळ गप्प असलेल्या बुढाजीने मान वर केली आणि शांतपणे सांगितले, “त्याच्यातला एक लठ्ठा म्या वळखला.” कोणीही हसले नाही. कोणीही शंका विचारली नाही. रामाच्या दाराबाबत थाप चालते की नाही, ह्याचा निर्णय बहुधा कोणाला घ्यायचा नव्हता.

जगभरच्या लाकूडतोड्यांना ही खोड असावी. अमेरिकेच्या उत्तरेकडील अरण्यांत रात्री शेकोटीभोवती पॉल बन्यन नावाच्या महाकाय लाकूडतोड्याच्या कथा रंगत. त्याच्यापाशी एक निळा बैल होता. त्या दोघांच्या पावलांच्या ठशांत पाणी साचून मिनेसोटातील सरोवरे झाली म्हणे! १९१४ पासून तेथील एका लाकूड कंपनीने ह्या कथा जाहिरातीच्या पुस्तिकांतून छापल्या आणि त्या घरोघर गेल्या. इंग्रजीतील वडाचे नावही कानाला असेच लागते. त्याचा ह्या वीराशी काही संबंध नाही. वडाच्या सावलीत दुकाने मांडणाऱ्या आपल्या गुजराती वाण्यांवरून गोऱ्या प्रवाशांनी ते नाव दिले.

मी ही परदेशी गोष्ट सांगितली तेव्हा मंडळींनी ती सौजन्याने ऐकून घेतली. परंतु आता माझी पाळी आली होती. मुकादम म्हणाला, “काकाजी, बैलाचं राहू द्या. तुमी शिकलेले, तुमाले एखादं मोठं झाड ठाऊक असन ते सांगा.”

मी मनात चाचपणी केली. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा महावट आठवला. भडोचजवळ नर्मदेच्या बेटावरील कबीरवड आठवला. संत कबीरांनी टाकलेल्या दातवणाच्या काडीतून तो वाढला अशी भाविकांची श्रद्धा आहे. शेवटी मी कलकत्त्यापलीकडच्या शिवपूरच्या वनस्पती उद्यानातील वड निवडला आणि ठरवले की अवाक्षर वाढवून सांगायचे नाही. सांगितले ते इतकेच: तो वड अडीचशे वर्षांहून अधिक वयाचा आहे आणि साडेचार एकरांहून अधिक जागा व्यापून आहे. १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांत त्याच्या फांद्या मोडल्या, जखमांतून बुरशी शिरली, मुख्य खोड कुजत गेले आणि १९२५ साली ते कापून काढावे लागले. तेव्हापासून त्या वडाला खोडच नाही. साडेतीन हजारांहून अधिक पारंब्यांवर तो उभा आहे आणि अजून पसरतोच आहे.

क्षणभर शांतता झाली आणि मग पाचही जण असे हसले की झाडावरचे पोपट उडाले. मुकादम डोळे पुसत म्हणाला, “हे जास्त झालं, काकाजी. पान इतकंही ताणू नये.” दिवसभरात सांगितली गेलेली ती एकमेव संपूर्ण खरी गोष्ट होती, आणि विश्वास बसला नाही तो नेमका तिच्यावर!

बुढाजी मात्र लवकर थांबला. त्याने विचारले, “खोड नाही, त मंग जीव कुठी राह्यते त्याचा?” मी त्याला सांगू लागलो की पारंबी जमिनीला टेकली की तिला मुळे फुटतात, ती जाड होत जाते आणि तीच नवे खोड बनते. त्याने हाताने मला थांबवले. “ते आमाले ठाऊक हाये. पण पह्यलं खोड काढल्यावर त्याले कळलं असन का, का आपलं खोड गेलं?” ह्या प्रश्नाचे उत्तर वनस्पतिशास्त्रात असलेच तर मला माहीत नाही.

त्या रात्री मी वनपर्व काढून बसलो. सावित्रीचे आख्यान पांडवांच्या वनवासात मार्कंडेय ऋषींनी युधिष्ठिराला सांगितले. द्रौपदीसारखी पतिव्रता आपण कधी पाहिली वा ऐकली आहे काय, असे धर्मराजाने विचारले, त्याचे ते उत्तर आहे. आणि ह्याच पर्वात थोडे आधी ह्याच मार्कंडेयांनी प्रलयाचे वर्णन केले आहे. सारे जग पाण्याखाली गेले आहे, एकटे ऋषी त्या जलावर भटकत आहेत, आणि एकाएकी त्यांना एक विशाल वटवृक्ष दिसतो; त्याच्या फांदीवर एक बालक पहुडलेले असते. त्या बालकाच्या मुखात ऋषी शिरतात तो आत सारे विश्व जसेच्या तसे! माणसाने सांगितलेल्या झाडांच्या गोष्टींत ह्याहून मोठे झाड कोठे असेल असे मला वाटत नाही. तेव्हा सर्वांत मोठ्या वडाची गोष्ट आणि लाकूडतोड्याच्या मरणाची गोष्ट एकाच वक्त्याच्या मुखातून आली आहे. सावित्रीच्या मूळ आख्यानात वडाला स्थान नाही. पुढे व्रतकथेने सत्यवानाला वडाखाली आणले. मार्कंडेयांचे श्रोते असलेल्या परंपरेने दुसरे कोणते झाड निवडले असते?

आख्यानातील आणखी एक बारकावा आपल्या कहाण्यांतून गळून गेला आहे. सत्यवानाचे प्राण परत आले तेव्हा रात्र झाली होती आणि त्याच्या अंगात त्राण नव्हते. सावित्रीने फळांची टोपली झाडाच्या फांदीला टांगून ठेवली, उद्या नेऊ म्हणाली. नवऱ्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. कुऱ्हाड मात्र तिने मागे ठेवली नाही; ती स्वतः हाती घेऊन अंधारातून घरी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुढाजीला म्हणालो, “सगळ्यांच्या गोष्टी झाल्या, तुमची राहिली.” तरुण पोरे एकदम दोर तपासू लागली. म्हातारा म्हणाला, “चिंचीवरून पडलो. फांदी सुकी होती, मले दिसली नाही. दोन महिने दवाखान्यात होतो.” गोष्ट संपली. चिंच किती उंच होती, हेही त्याने सांगितले नाही. ज्या माणसांच्या तोंडी सागाच्या पानावर पंगत उठते, ती पडण्याची गोष्ट सांगताना एक शब्दही वाढवीत नाहीत.

बाकीचे मला मुकादमाकडून कळले. अपघात ज्येष्ठातच झाला होता, पौर्णिमेला आठच दिवस उरले होते. पौर्णिमेला म्हाताऱ्याची बायको दवाखान्यातून हलायला तयार नव्हती आणि आवारात वड नव्हता. तिने तेथल्या कडुलिंबाला सूत गुंडाळले, सात फेरे घातले आणि पुन्हा खाटेपाशी जाऊन बसली. शास्त्राला हे मान्य होईल की नाही, हे जाणत्यांनी सांगावे. मी घरी ही हकिकत सांगितली तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच म्हटले की ते सूत वडाला पोहोचले असणार.

फांदीला हात लावण्यापूर्वी बुढाजीने वडाला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि खोडाला तोंड लावून काहीतरी पुटपुटला. काय म्हणालात, असे विचारले तर म्हणाला, “पाखरायले सांगितलं, दोन दिवस दुसरीकडे जा म्हून.” वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणण्याचा विधी दिला आहे. आदल्या रात्री झाडाला बली अर्पण करावा आणि त्यात वस्ती करणाऱ्या भूतमात्रांना, हे स्वीकारून आपण अन्यत्र निवास करावा, अशी विनंती करावी असे तेथे सांगितले आहे. यज्ञाच्या यूपासाठी झाड तोडतानाही त्यावर आधी दर्भ ठेवून कुऱ्हाडीला आर्जव करीत, ह्याला दुखवू नकोस. बुढाजीला अक्षरओळख नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातील विधी त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आला, की त्याच्यासारख्यांकडूनच तो ग्रंथात गेला?

फांदी खाली आली ती पडून नव्हे, पाळण्यातून उतरावी तशी. आधी खालच्या बाजूने खाच घेतली, म्हणजे फांदी झुकताना खोडाची साल सोलवटत नाही. मग वरून करवत चालवली. दोन दोर होते. एकाने भार तोलायचा, दुसऱ्याने दिशा द्यायची. खोडावर अमावास्येचे सूत अजून होते, कारण आमच्या वस्तीतील उत्तरेकडची कुटुंबे हे व्रत पंधरा दिवस आधी करतात. त्यातला एक पदरही तुटला नाही.

फांदी खाली येते न येते तोच एक विक्रेता हजर झाला. पौर्णिमेला बाजारात विकण्यासाठी त्याला डहाळ्या हव्या होत्या. ज्यांच्या घराजवळ वड नाही अशा भगिनी डहाळी आणून घरी पूजा करतात, त्यांच्या भावनेविषयी मला काही म्हणायचे नाही. ही फांदी तर तुटलेलीच होती. परंतु त्या एका दिवसासाठी शहरातील किती वड ओरबाडले जातात ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते. मुकादम भाव ठरवू लागला तेव्हा बुढाजी मध्येच म्हणाला, “तोडलेल्या वडापाशी आयुष्य कसं मागन कोनी?” डहाळ्या शेवटी गोरक्षणाच्या गाडीत गेल्या.

पौर्णिमेला सकाळी देवळामागे गर्दी होती. गर्दी ओसरल्यावर बुढाजी आला. सोबत बायको होती आणि सात-आठ वर्षांचा नातू. येथून पुढे त्याला दुसऱ्या गल्लीत कामावर जायचे होते. काठी टेकीत तो चालत होता आणि दोराचे वेटोळे व कुऱ्हाड म्हातारीच्या खांद्यावर होती. तिने ती वडाच्या पारावर ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि सुताची गुंडी काढली.

नातू वर पाहत होता. हा सगळ्यांत मोठा वड आहे का, असे त्याने आजाला विचारले.

“हा? हा त लेकरू हाये,” बुढाजी म्हणाला. “तिकडे कलकत्त्याले एक वड हाये. त्याले खोडच नाही. अन् दहा हजार पारंब्या.”

म्हातारी तिसऱ्या फेऱ्यावर होती. न थांबताच ती म्हणाली, “आज पुनव हाये. उपासाच्या दिवशी थापा नोका मारू.”

“बरं, पाच हजार,” म्हातारा म्हणाला. ती पलीकडे वळेपर्यंत तो थांबला आणि मग नातवाच्या कानाशी वाकला. “खोड मात्र खरंच नाही.”